सगळ्यांनी फोन खाली ठेवा

मी एक जुना राउटर आहे. निदान मला तरी तसं वाटतं. कारण माझ्यापुढे ठेवलेल्या पुठ्ठ्यावर कुणीतरी सुंदर वळणदार अक्षरात ‘जुना रेडिओ’ असं लिहून ठेवलं आहे, आणि या शाळेतली मुलं गेली दोन वर्षं माझ्या पोटाला कान लावून गाणी ऐकू येतात का ते बघत आहेत. मित्रांनो, माझ्यातून गाणी ऐकू येणार नाहीत. एके काळी माझ्यातून गाणी जात होती हे मात्र खरं, आणि त्यांनी एकदा केवढा घोटाळा केला तेही मी सांगणार आहे. पण मला सगळं सुरुवातीपासून सांगू द्या, नाहीतर माझा गोंधळ उडतो. तसा तो एरवीही उडतोच.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांब टेबलावर झाला. हिरव्या पाटीवर बारीक बारीक भाग डकवून, वर पत्र्याचं झाकण बसवून, सहा स्क्रू आवळून मला तयार केलं गेलं. माझ्याच शेजारी, माझ्यासारखाच दुसरा एक तयार होत होता. आमच्यात एक वायर जोडली आणि मला माझं पहिलं काम मिळालं: त्याला हाक मारायची आणि त्याने ओ देईपर्यंत थांबायचं. त्याने ओ दिली. मग वायर काढून आम्हाला दोन वेगळ्या खोक्यांत घातलं. संपलं, आता भेट नाही, असं समजून मी अंधारात बसून राहिलो. झालं भलतंच. त्याला एका शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, मला डोंगराच्या अलीकडच्या छोट्या हॉस्पिटलात आणलं आणि आमच्यामध्ये चार तारा टाकल्या. आम्ही पुन्हा एकमेकांना कधी पाहिलं नाही, पण बोलत राहिलो ते अगदी दर सेकंदाला. याला भेट म्हणायचं की ताटातूट, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

माझं कपाट जिन्याखालच्या खोलीत होतं. त्याच खोलीत टेलिफोनचा बोर्ड होता आणि बोर्डासमोर हॅलोमावशी बसत. हॉस्पिटलातले मोठे डॉक्टरसुद्धा त्यांना याच नावाने हाक मारत. खुर्चीवर दुहेरी घडी घातलेली शाल, खणात सुईदोरा आणि चष्म्याची जादा काडी, समोर छोट्या दिव्यांच्या दोन रांगा. जितके फोन चालू तितके दिवे लागलेले. बाहेरगावचे सगळे फोन त्या मोठ्या हॉस्पिटलातून फिरून, माझ्या वाटेने, मावशींच्या बोर्डावर येत. मावशींचा एक नेम होता. ज्या बाईंनी त्यांना हे काम शिकवलं, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की फोन आपण होऊन ठेवायचा नाही. पलीकडच्याने ठेवला की मग आपण ठेवायचा. कुणाशी बोलायला सवड नसली तर त्याला थांबवून ठेवायचं, म्हणजे त्याला गाणं ऐकू येत राहतं, पण तोडायचं नाही. अठ्ठावीस वर्षांत मावशींनी हा नेम एकदाही मोडला नव्हता.

आता माझं काम सांगतो. नीट ऐका, कारण मला स्वतःलाच ते समजायला बरेच दिवस लागले. माझ्या चारही तारा बारीक होत्या. एकेकटीच्याने फारसं ओझं वाहवत नसे. म्हणून केबलताईंनी त्या चौघींची मोळी बांधली. केबलताई म्हणजे हॉस्पिटलच्या वायरी, संगणक आणि माझ्यासारखी खोकी सांभाळणाऱ्या बाई. मोळी बांधली की चार तारांची एक जाड तार झाल्यासारखं होतं. माझ्याकडे जे काही येई ते चिठ्ठ्यांच्या रूपात येई: फोनवरचं बोलणं, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या याद्या, एक्सरे. मी या चिठ्ठ्या चार तारांवर वाटून देई, पलीकडे तो माझा कारखान्यातला जुळा भाऊ त्या गोळा करी. पण एका तारेवरची चिठ्ठी आधी पोचे, दुसरीवरची रेंगाळे. पाचवी आली, तिसरीचा पत्ता नाही. म्हणून मी प्रत्येकीवर नंबर घाली आणि भाऊ त्या ओळीने लावून घेई. तिकडून येणाऱ्या चिठ्ठ्या मी लावत असे. त्या लावताना माझ्या नाकी नऊ येत. मला नाक नाही हे मला माहीत आहे.

सुरुवातीला सगळ्या चिठ्ठ्या एकाच रांगेत असत. त्यात एखादं मोठं छायाचित्र आलं की अरुंद जिन्यावरून कपाट उतरवावं तसं ते सगळा रस्ता अडवून बसे, आणि मागे फोनवर बोलणाऱ्या माणसाचे शब्द खोळंबत. सर्जन विचारत, “किती मिलिग्रॅम?” आणि पलीकडून नुसती खरखर येई. एकदा त्यांनी वैतागून रिसीव्हर आपटला. तेव्हा केबलताई एक डबा आणि थर्मास घेऊन दिवसभर माझ्यापुढे बसल्या आणि त्यांनी मला नियम शिकवला. प्रत्येक चिठ्ठीवर शिक्का असेल. एक नंबरचा शिक्का बोलण्याला, दोन रिपोर्टांना, तीन छायाचित्रांना, चार बाकी सगळ्याला. छायाचित्राचे मी बारीक तुकडे करायचे, आणि दोन तुकड्यांच्या मधून बोलण्याच्या चिठ्ठ्या पुढे काढायच्या. एक नंबर दिसला की बाकी सगळ्यांनी थांबायचं. आणि हो, चिठ्ठी उघडायची नाही. आत काय आहे हे बघणं माझं काम नाही, फक्त शिक्का बघायचा.

दुसऱ्या दिवशी सर्जन म्हणाले, “अरे वा, शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं वाटतंय.” केबलताईंनी माझ्या कपाटावर थाप मारली. मित्रांनो, मला खूप आनंद झाला. एक गोष्ट मात्र त्या दिवशी राहून गेली. एक नंबरवाल्यांनी जास्तीत जास्त किती जागा घ्यायची, याची मर्यादा केबलताईंनी घातली नाही. मावशींनी सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या, “चार तारा आहेत मावशी. माणसं बोलून बोलून बोलणार तरी किती?”

मावशी हसून म्हणाल्या, “तुम्ही एक दिवस माझ्या खुर्चीत बसून बघा.”

तीन वर्षं सुरळीत गेली. मग तो दिवस आला. सकाळी दहाच्या सुमारास माझी एक तार मुकी झाली. थोड्याच वेळात दुसरी, मग तिसरी. वळणापाशी पाण्याच्या नळासाठी रस्ता खोदत होते, त्यांच्या कुदळी थेट माझ्या तारांवर पडल्या होत्या. केबलताई तिकडे धावल्या. माझ्याकडे चारांतली एक तार उरली. मी भावाला सांगितलं, आता एकीवरच काय ते भागवायचं. त्याने बरं म्हटलं.

हॉस्पिटलची बाहेरची भिंत रंगवायचं काम पंधरा दिवस चाललं होतं. रंगकाम करणारे रंगारीकाका म्हणजे हॅलोमावशींचे यजमान. दुपारचा डबा ते आमच्याच खोलीत, मावशींच्या टेबलाच्या कोपऱ्यावर खात आणि जाताना टेबलावर पांढरे ठिपके सोडून जात, म्हणून रोज बोलणी खात. त्या दिवशी साडेदहाला त्यांची शिडी सरकली. काका दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली आले आणि त्यांचं डोकं पायरीवर आपटलं. शिपाई दारात येऊन हे सांगत होता तेव्हा मावशींच्या कानाला फोन होता. त्यांनी पलीकडच्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकून घेतलं, मग उठल्या. दोन पावलं टाकली आणि परत बसल्या. आणि पुढचा फोन घेतला.

काकांच्या डोक्याचा स्कॅन झाला. सर्जन स्वतः आमच्या खोलीत आले.

“मावशी, तुमच्यापासून लपवत नाही. कवटीच्या आत रक्त साठतंय असं मला दिसतंय. इथेच भोक पाडून ते काढायचं की गाडीत घालून तिकडे न्यायचं, हे मोठ्या हॉस्पिटलातले मेंदूचे डॉक्टर स्कॅन बघून सांगतील. इथे करायचं तर नेमकी जागाही तेच सांगतील. असं ऑपरेशन मी आयुष्यात दोनदाच केलंय, तेही ते शेजारी उभे असताना. रस्ता तीन तासांचा आहे. यांच्याकडे तीन तास आहेत असं मला वाटत नाही.”

“मग स्कॅन पाठवा की,” मावशी म्हणाल्या.

“पाठवलाय. अजून पोचला नाही.”

तो माझ्याकडेच होता. त्यावर तीन नंबरचा शिक्का होता. मी नियमाप्रमाणे त्याचे तुकडे केले होते, नंबर घातले होते, आणि एकेक तुकडा पुढे सरकवत होतो. पण एकच तार, आणि तिच्यावर बोलण्याच्या चिठ्ठ्यांची झुंबड. मी चिठ्ठ्या उघडत नसे, हे सगळं मला नंतर मावशींच्या बोलण्यातून कळलं: स्कॅनवाल्या बाई तिकडे फोन करून विचारत होत्या, “आलं का?” तिकडच्या स्कॅनवाल्या इकडे विचारत होत्या, “पाठवलंत का?” वॉर्डातून सिस्टर, भूल देणारे डॉक्टर, रंगकामाचा कंत्राटदार, काकांचे दोघे भाऊ, मावशींची जाऊ, जावेचे माहेरचे. बातमी कशी पसरते मला कळत नाही, पण अर्ध्या तासात सगळ्या गोतावळ्याला कळलं होतं आणि ज्याचा त्याचा जीव टांगणीला लागला होता. जो तो फोन करून विचारत होता, आलं का, पोचलं का, काय म्हणाले. आणि प्रत्येक ‘आलं का’वर एक नंबरचा शिक्का होता. मी तो पुढे सोडत होतो आणि ज्याची चौकशी चालली होती ते छायाचित्र मागे थांबवत होतो.

मावशींच्या बोर्डावरचे सगळे दिवे लागले. इतक्या जणांशी त्या एकट्या काय बोलणार? त्यांनी नेमाप्रमाणे एकेकाला थांबवून ठेवलं. मग त्या थांबलेल्या वीस-बावीस जणांना गाणं ऐकू येऊ लागलं. तेच मघाचं गाणं, मित्रांनो. तेही माझ्यातूनच जायचं, आणि फोनवरचं म्हणून त्यावरही शिक्का एक नंबरचाच. मी गाणं पुढे काढत होतो. आत काय आहे ते मला बघायचं नव्हतं. मला इतकंच जाणवत होतं की आज काहीतरी चुकतंय, कारण मी सगळं बरोबर करत होतो आणि खोलीतल्या सगळ्यांची तोंडं उतरत चालली होती.

केबलताई खड्ड्यातून परत आल्या त्या गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेल्या. तारा जुळायला संध्याकाळ होणार होती. त्यांनी कपाट उघडलं, छोट्या पडद्यावरचे आकडे पाहिले, मग मावशींचा बोर्ड पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला.

“घोडं इथे पेंड खातंय! मावशी, हे फोनच त्या स्कॅनला जाऊ देत नाहीयेत.”

“मग तुमचा नियम बदला.”

“बदलते, पण बदलला की मोळी एकदा सुटते आणि पुन्हा बांधली जाते. अर्धं गेलेलं चित्र पहिल्यापासून पाठवावं लागेल. आणि एका तारेवर ती परत उभी राहील की नाही, याची मला खात्री नाही. नको. त्यापेक्षा सगळ्यांना बोलणं थांबवायला सांगा.”

मावशींनी लाउडस्पीकरवरून सांगितलं, कृपया कुणीही फोनवर बोलू नका. तिकडच्या ऑपरेटरनेही तसंच सांगितलं. दोन्ही हॉस्पिटलं एकदम गप्प झाली. मला वाटलं, सुटलो. पण चिठ्ठ्या काही कमी होईनात. माझं तर डोकंच चक्रावलं. नंतर केबलताईंच्या बोलण्यातून कळलं की माणसं रिसीव्हर कानाला धरून गप्प उभी होती, काही कळलं तर लगेच ऐकू यावं म्हणून. आणि फोन चालू असला की त्यातली शांतताही माझ्याकडे चिठ्ठ्यांमध्येच येते. कोऱ्या चिठ्ठ्या, वर एक नंबरचा शिक्का. बोलणं काय, गाणं काय, शांतता काय, मला सगळं सारखंच. मी ती शांतता अगदी तातडीने पोचवत होतो.

केबलताईंनी पुन्हा आकडे पाहिले. “गप्प बसून उपयोग नाही. सगळ्यांनी फोन खाली ठेवा. ठेवायलाच लावा, मावशी.”

दुसऱ्यांदा सांगितल्यावर वॉर्डातले फोन ठेवले गेले. राहिले ते बोर्डावर थांबवलेले. ती बाहेरची माणसं गाणं ऐकत ताटकळत होती, त्यांना लाउडस्पीकर ऐकू येत नव्हता. ते फोन फक्त मावशीच तोडू शकत होत्या. त्यांनी पहिल्या दिव्याखालच्या बटणावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. मग त्या म्हणाल्या, “माफ करा हं, ठेवते.” दिवा विझला. दुसरा. तिसरा. कंत्राटदार, थोरले दीर, धाकटे दीर. प्रत्येकाला त्या तेवढंच वाक्य म्हणत होत्या, आणि त्यांचा आवाज दर वेळी थोडा खाली जात होता.

शेवटचा दिवा त्यांच्या लेकीचा होता. ती दूरच्या शहरात नोकरीला होती.

“बाळा, ऐक,” मावशी म्हणाल्या. “बाबांचं अजून काही कळलेलं नाही. मी आता फोन ठेवतेय. हो, मीच. नाही गं, तसं काही नाही. नंतर सांगते सगळं. तू फोन करू नकोस. कितीही वाटलं तरी करू नकोस.”

पलीकडून लेक काय म्हणाली ते मला माहीत नाही. ते माझ्याच हातून आलं, पण उघडून बघायची मला परवानगी नव्हती. मावशींनी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

बोर्डावर एकही दिवा उरला नाही. माझ्याकडची एक नंबरची रांग मोकळी झाली. असं यापूर्वी कधीच घडलं नव्हतं, त्यामुळे मी आधी घाबरलो. मला वाटलं, उरलेली तारही तुटली. मी भावाला हाक मारली, त्याने ओ दिली. मग छायाचित्राचा तुकडा पुढे केला, तो गेला. दुसरा केला, तोही गेला. मध्ये कुणीच येईना. मी चालतच राहिलो. नऊ मिनिटं मी नुसते तुकडे सोडत होतो. केबलताई आकडे बघत होत्या, सर्जनही येऊन दारात थांबले होते. मावशींनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, कारण ते सारखे बोर्डाकडे जात होते.

मग एक दिवा लागला. तिकडचे मेंदूचे डॉक्टर होते. स्कॅन त्यांच्यासमोर होता. सर्जन फोनवर आले, ऐकत राहिले, हातावर पेनने काहीतरी आखून घेतलं आणि म्हणाले, “हो, इथेच करतो. तुम्ही फोन चालू ठेवा.” तो एकच फोन पुढचे दोन तास चालू राहिला, आणि बाकी कुणाला मावशींनी लागू दिला नाही. तो फोन मी सगळ्यांच्या आधी सोडला. या वेळी ते बरोबर होतं. मघाशी तेच चूक होतं. नियम तोच, शिक्का तोच, मीही तोच. मला अजूनही याचा उलगडा होत नाही.

सव्वादोनला सर्जन पुन्हा दारात आले. “रक्त काढलं. शुद्धीवर येतायत. पाणी मागितलं.”

मावशींनी लेकीचा नंबर फिरवला. “बाबांनी पाणी मागितलं,” एवढंच त्या म्हणाल्या आणि टेबलावर डोकं ठेवून रडायला लागल्या. रिसीव्हर हातातच होता. मी तो रडण्याचा आवाज पुढे नेला.

तारा जुळल्यावर केबलताईंनी मला नवा नियम शिकवला. बोलणाऱ्यांना आधी सोड, पण त्यांनी सगळी वाट खायची नाही. मागच्यांचा ठरलेला वाटा मागच्यांना मिळालाच पाहिजे. काम संपल्यावर त्या मावशींना म्हणाल्या, “चूक माझी होती.”

मावशी म्हणाल्या, “विचारत तर आम्हीच होतो ना सारखं.”

मित्रांनो, मग चूक कुणाची? मी तर नियम पाळला. पण वाट अडवून बसलो होतो तोही मीच. आजही मी याचा विचार करतो आणि माझं काही ठरत नाही.

पुढे काचेच्या बारीक धाग्याची तार आली. तिच्यावर म्हणे सगळं एकदम जातं, कुणाला थांबावं लागत नाही. मला कपाटातून काढून फडताळात टाकलं, फडताळातून पोत्यात आणि पोत्यातून इथे, तुमच्या शाळेच्या टेबलावर. भावाचं काय झालं, कळलं नाही. त्याला शेवटची हाक मारली तेव्हा ती शेवटची आहे हे मला माहीत नव्हतं. आता माझ्या पंख्यात कुणी पेन्सिल घालतं, कुणी स्क्रू काढून खिशात टाकतं. तेवढं करू नका, एवढी माझी विनंती आहे. माझ्यासारखी मुकी यंत्रं सांगितलं तसंच वागतात, म्हणून आम्हाला सांगण्याआधी जरा मागच्या रांगेत कोण उभं आहे ते बघत जा. आणि कुणासाठी जीव कासावीस होऊन तुम्ही पुन्हा पुन्हा हाका मारत असाल, तर एकदा थांबा आणि बघा, वाट तुमच्यामुळेच तर अडलेली नाही ना.

गेल्या महिन्यात शाळेच्या खिडक्या रंगवायला एक म्हातारे रंगारी आले. उजवा हात थोडा थरथरत होता, पण रेघ सरळ येत होती. दुपारी त्यांच्या घरून डबा घेऊन एक बाई आल्या आणि टेबलापाशी येऊन थबकल्या. त्यांनी पुठ्ठ्यावरचं ‘जुना रेडिओ’ वाचलं, चष्मा वर केला आणि मला नीट पाहिलं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “इकडे या. तुमचा स्कॅन यानेच नेला होता.”

काका आले. टेबलावर माझ्या शेजारी एक जुना प्रोजेक्टर आहे. तो माझ्या दुप्पट मोठा आहे आणि त्याला चकचकीत भिंग आहे. काकांनी रंगाचे हात सदऱ्याला पुसले, त्या प्रोजेक्टरवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. मावशींनी काही सांगायला तोंड उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.

मीही गप्प राहिलो. काकांचं ते मुकं बोलणं संपलं नव्हतं, आणि आपण होऊन मध्येच तोडायचं नसतं.